शिबिराचं घोडं पेंड कुठे खातं?

परीक्षा संपल्या रे संपल्या की वर्तमानपत्रातून रंगीत पत्रकं घरात येऊन पडतात. संस्कार शिबिर, चित्रकला शिबिर, अबॅकस, स्केटिंग... आणि आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतही घोडेस्वारी शिबिर! त्यात वावगं काहीच नाही. मामाचं गाव आता मामालाच परवडत नाही. आई नोकरीला, आजी गुडघ्यांनी बेजार, मग दोन महिने मुलांनी टीव्ही आणि मोबाइलसमोर बसायचं का?

शिवाय घोड्याचं आकर्षण आपल्या मातीतलंच. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार पाहायला लांबलांबून माणसं येतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत तब्बल ४१ वर्षांनी सुवर्णपदक मिळालं. ड्रेसाजच्या त्या चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. तेव्हा ‘घोड्यावर बसणं मुलींचं काम नाही’ असं म्हणणाऱ्यांची तोंडं आता बंद व्हायला हरकत नाही.

यंदा मे महिन्यात अशाच एका शिबिरात मी ‘ताई’ म्हणून विनामूल्य काम केलं. दहा दिवस, सकाळी सात ते अकरा. मुलं २८, वयं सहा ते तेरा. घोडे चार, मोतद्दार दोघं, शिकवणारे सर एक आणि आम्ही ताया तिघी. आमची तयारी काय करून घेतली? तर एक वाक्य : ‘मुलांकडे लक्ष ठेवा, तुम्हाला सवय आहेच!’

आता जरा हिशेब करा. एका वेळी घोड्यावर मुलं चार. त्यांच्याकडे सर आणि मोतद्दार यांचे डोळे लागलेले. उरलेली २४ मुलं खाली, घोड्यांच्या आसपास. कुणाला तहान लागलीय, कुणाला शू, कुणी रुसलंय, कुणी घोड्याच्या शेपटीला हात लावायला निघालंय. पालकांना वाटतं, धोका म्हणजे घोड्यावरून पडणं. मी पाहिलं ते असं की, खरी जोखीम पाळी येण्याची वाट बघणाऱ्या मुलांना असते. आणि ती सगळी त्या बिनपगारी तायांच्या गळ्यात असते.

मला जे काही शिकायला मिळालं, ते तिथल्या वयस्कर मोतद्दारांकडून. त्यांनी अर्ध्या तासात सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला अगदी मागचं दिसत नाही आणि नाकासमोरचंही दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जवळ जायचं. कान मागे चिकटवले की तो चिडलाय, लांब व्हायचं. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. खाऊ द्यायचा तर तळहात सपाट ठेवून. चप्पल घालून बसू द्यायचं नाही, कारण पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकतो. टाच असलेला बूट हवा. आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं चालत नाही. तीन-चारशे किलोंचं जनावर ते! रागाने नाही, नुसतं घाबरून जरी बाजूला सरकलं, तरी मूल खाली येतं.

हे ज्ञान पहिल्या दिवशी सगळ्या तायांना द्यायला काय खर्च येतो? काहीच नाही. मग घोडं पेंड खातं कुठे? मला वाटतं, बाई फुकट करते त्या कामाला शिक्षण लागतं, हेच कुणाला पटत नाही. मुलं सांभाळणं म्हणजे बाईच्या हाताला जन्मजात असलेलं काम! पैसे नाहीत म्हणून प्रशिक्षण नाही आणि प्रशिक्षण नाही म्हणून त्या कामाला किंमत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. माझं नाव, पत्ता, ओळखपत्र कुणीही विचारलं नाही. ‘अमक्यांच्या ओळखीच्या’ एवढं पुरलं. पोक्सो कायदा २०१२ सालचा. त्याखालच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी किंवा मुलांसाठीच्या इतर कोणत्याही सोयीने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायची आणि त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं. कंत्राटी माणसंही त्यात आली. पण शब्द आहे ‘कर्मचारी’. विनामूल्य येणारा स्वयंसेवक त्यात धरायचा की नाही, हे आयोजकाच्या मर्जीवर राहतं. खरं तर मुलांच्या सर्वांत जवळ तोच असतो! बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ सालच्या घटनेनंतर आपण सगळ्याजणी हादरलो. पण तेव्हा चर्चा झाली ती शाळांची. दहा दिवसांचं शिबिर कुणाच्या खिजगणतीतच नाही.

अमेरिकेत अशा दिवसाच्या शिबिरांची फार जुनी परंपरा आहे. तिथल्या अमेरिकन कॅम्प असोसिएशनने प्रमाण ठरवून दिलंय : सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, नऊ ते चौदा वर्षांच्या दहा मुलांमागे एक. तुम्ही म्हणाल, मग २८ मुलांना तीन ताया म्हणजे जवळपास बरोबरच की! कागदावर बरोबर. पण एक ताई मुलाला बाथरूमला घेऊन गेली, दुसरी खाऊ वाटायला गेली, की २४ मुलांमागे उरते एकच. म्हणून ‘किती माणसं आहेत’ एवढंच विचारू नका, ‘प्रत्यक्ष मुलांजवळ किती असतात’ ते विचारा.

मैत्रिणींनो, फी भरण्याआधी आणखी चार प्रश्न विचाराच. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची, स्वयंसेवकांचीसुद्धा, पडताळणी झालीय का? हेल्मेट मुलाच्या मापाचं आहे का? मूल पडलं तर कोणत्या दवाखान्यात आणि कोणत्या गाडीने न्यायचं हे ठरलंय का? एखादं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर आडोशाला जाणार नाही, असा नियम आहे का? आयोजक चिडले, तर तेच त्यांचं उत्तर समजा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या.

आणि तुम्ही स्वतः ताई म्हणून जाणार असाल, तर जरूर जा. खरारा करताना लाजरं मूल घोड्याशी कसं बोलू लागतं, हे पाहण्यात फार सुख आहे. पण पहिल्या दिवशी ठामपणे सांगा, ‘आधी मला शिकवा, मग माझ्याकडे मुलं द्या.’ मानधन मागायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, प्रशिक्षण मात्र मागून घ्याच. अपघात झाल्यावर नियम करणं म्हणजे वरातीमागून घोडं. आपल्या लेकरांच्या बाबतीत ते घोडं वरातीच्या पुढेच चालायला हवं, नाही का?