बाजू बदलली की चिन्ह बदलते?

दादरच्या फूलबाजारात तीन सारखे हार आणि २० रुपयांची सुटी फुले घेतली. ११० रुपये झाले. एका हाराची किंमत क्ष मानली, तर ३क्ष + २० = ११०. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे नुसते घोकणे मला पसंत नाही; घोकणारेच घाईत ३क्ष = १३० लिहितात! दोन्ही बाजूंतून २० वजा करा, मग ३ ने भागा : क्ष = ३०. आधी भागलेत तरी चालेल, पण मग २० लाही भागावे लागेल. पन्नास उदाहरणे उरकण्यापेक्षा दहाच सोडवा; उत्तर समीकरणात घालून ताळा करा. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (सन ११५०) एकाजवळ ३०० रुपये व ६ घोडे, दुसऱ्याजवळ तसलेच १० घोडे, पण १०० रुपये कर्ज, दोघांची संपत्ती सारखी. घोड्याची किंमत किती?