चाक मोठे असावे, रिम नव्हे

आमच्या जिल्ह्यात बागाईतदाराच्या दारी दमणीच्या जागी मोटार उभी दिसते, यात आता नवल राहिलेले नाही. सोयाबीनने हात दिला, द्राक्षाचा हंगाम साधला, की घरात प्रथम मोटारीची गोष्ट निघते. मोटार आल्यावर मात्र थोड्याच दिवसांत घरातील तरुण मंडळी तिची मूळची चाके काढून मोठ्या रिमची व चपट्या टायरांची चाके बसविण्याचा आग्रह धरू लागतात. हा आग्रह केवळ शोभेपुरता असता तर आम्ही त्याविषयी लेखणी उचलली नसती. परंतु मोठ्या चाकाला खड्डा कमी लागतो, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि बैलगाडीत जन्म घालविलेली वडीलधारी माणसेही त्यास मान डोलावतात. हे समर्थन अर्धे खरे व अर्धे खोटे आहे. आणि निव्वळ खोट्यापेक्षा अर्धे खरे अधिक फसविते, म्हणून हा प्रपंच.

प्रथम खरी बाजू पाहू. आपल्या पूर्वजांनी गाडीचे चाक पुरुषभर उंचीच्या जवळपास नेले, ते हौसेखातर नव्हे. पाच फूट उंचीचे चाक एक फूट रुंदीच्या खड्ड्यावरून गेले, तर ते सुमारे दीड सेंटिमीटर खाली उतरते. त्याच खड्ड्यात मोटारीचे दोन फूट उंचीचे चाक सुमारे चार सेंटिमीटर उतरते. हा हिशेब वर्तुळाच्या भूमितीचा आहे आणि तो कोणासही कागदावर मांडून पाहता येईल. तेव्हा उंच चाक खाचखळग्यांवरून सुखाने जाते, हा गाडीवानाचा अनुभव सोळा आणे खरा आहे.

पण गाडीवान ज्यास मोठे चाक म्हणतो, त्यास दुकानदार मोठे चाक म्हणत नाही. गाडीवान जमिनीपासून धावेच्या माथ्यापर्यंतची सगळी उंची मोजतो. दुकानदार फक्त आतील लोखंडी किंवा ॲलॉयची रिम मोजतो. येथेच सारी गफलत आहे. टायरच्या अंगावर १८५/६५ आर १५ असे आकडे उठविलेले असतात. त्यांपैकी पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती आहे ते सांगतो. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो. या टायरची भिंत १२० मिलिमीटर व चाकाची एकूण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर भरते. आता त्याच्या जागी २०५/४५ आर १७ बसविला, तर रिम दोन इंचांनी वाढली खरी. परंतु भिंत ९२ मिलिमीटर उरली, आणि एकूण उंची ६१६ मिलिमीटर, म्हणजे किंचित कमीच झाली! चाक मोठे झाले नाही. लोखंड वाढले आणि रबर व हवा घटली. याउलट आडरस्त्यावर धावणाऱ्या जीपगाड्यांस २१५/७५ आर १५ या मापाचा टायर असतो. त्याची रिम पंधराच इंची, पण भिंत १६१ मिलिमीटर आणि चाकाची उंची ७०३ मिलिमीटर. खरे मोठे चाक हे होय.

भिंतीची उंची घटल्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मोटारीचा भार रबर पेलीत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. १८८८ साली बेलफास्ट येथील डनलॉप नामक पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेची रबरी नळी बसविली, ती धक्का कमी व्हावा म्हणूनच. पुढे त्याच डनलॉपचे नाव आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीस चिकटले. उसाच्या या गाड्यांची चाके जुन्या लाकडी चाकांहून पुष्कळच बुटकी. तरीही पक्क्या रस्त्यावर त्यांचा हादरा कमी आणि बैलांच्या खांद्यावरचा ताणही कमी. उंचीने जे सुख द्यावयाचे ते येथे हवेने दिले. मोठ्या रिमच्या चपट्या टायरात उंचीचा लाभ नाही आणि हवेचाही नाही. शिवाय अशी रिम बहुधा वजनाने जड असते; आणि स्प्रिंगच्या खालचे ओझे जेवढे अधिक, तेवढा चाकाचा आपटा स्प्रिंगला आवरणे कठीण जाते.

हा उपदेश आम्ही कोरड्या ज्ञानावर करीत नाही. हा मोह आम्हांसही झाला होता. चाके बदलल्यावर मोटार देखणी दिसू लागली. पण पहिल्याच पावसाळ्यात, तुळजापूर तालुक्यातील एका खडीच्या रस्त्यावर, पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि रिम वाकून टायरची भिंत चिरली. त्या वेळी मागील आसनावर शेजारच्या घरची बाळंतपणास अडलेली सून होती. दुसरे वाहन मिळून ती रुग्णालयात सुखरूप पोहोचली हे ईश्वरकृपेने. आमच्या शहाणपणाने नव्हे. खेड्यात मोटार ही एका घराची नसते. रात्रीअपरात्री सर्पदंश झालेला गडी, छातीत कळ आलेला म्हातारा, अडलेली लेकीसून, सर्वांना ज्या मोटारीने न्यावयाचे, तिची चाके शोभेसाठी निवडणे हा आमच्या मते बेजबाबदारपणा आहे.

प्रतिपक्षाची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. चपटा टायर वळणावर कमी लवतो, आणि वेगात गाडी चालकाच्या हाताला अधिक चटकन् साथ देते. सोलापूरहून धाराशिवमार्गे बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर हा गुण प्रत्ययास येईल. तथापि आपला प्रवास महामार्गावर सुरू होत नाही व तेथे संपतही नाही. तो पाणंदीत सुरू होतो आणि पाणंदीतच संपतो. काळ्या रानातील पाणंद पावसाळ्यात चिखल होते व उन्हाळ्यात तिच्या चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. ज्या वाटेने रोज जावयाचे, तिच्या मानाने चाक निवडावे.

याचा अर्थ वाटेल तेवढा उंच टायर चढवावा असाही नव्हे. बेमाप उंच टायर मडगार्डास घासतो व वेगाचा काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. मोटार घेतानाच लहान रिमचा व जाड भिंतीचा प्रकार मिळत असेल तर तो पसंत करावा. घेतलेली असेल तर कारखान्याने दिलेले माप सोडू नये, आणि भार पेलण्याच्या क्षमतेचा आकडा मूळ टायरहून कमी घेऊ नये. हवेचा दाब चालकाच्या दाराशी चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो टायर थंड असताना तपासावा. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी करणारे पुष्कळ आढळतात. पण अशा टायरची भिंत सारखी दुमडून तापते आणि वैशाखातील उन्हात तो फुटण्याचे भय वाढते. टायरवरील चार आकड्यांत त्याच्या जन्माचा आठवडा व साल असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बियाण्याची पिशवी घेताना आपण तारीख पाहतो, तशी येथेही पाहावी.

चांगल्या टायरने वाईट रस्त्याचा दोष झाकला जातो, असे मात्र कोणी समजू नये. पाणंदीच्या दुरुस्तीसाठी ग्रामसभेत आपण बोललेच पाहिजे. परंतु रस्ता सुधारेपर्यंत त्याच वाटेने माणसे न्यावयाची आहेत. दुकानात उभे असताना आमच्या बंधूंनी रिमच्या चकाकीकडे न पाहता भिंतीवर हात ठेवून एकच विचारावे, ‘हिच्यात हवा किती राहते?’ आजोबांनी धाव बसविताना लोहारापुढे जी चोखंदळ नजर ठेवली, तीच नातवाने येथे ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.