एक माणूस, तीन स्पेलिंगे

लाच, रांग आणि कारकुनाचा तिरसट स्वभाव यांच्यावर वर्तमानपत्रांत पत्रे येतात. नावाच्या स्पेलिंगवर कोणी लिहीत नाही. आणि गेली वीसेक वर्षे सरकारी खिडकीच्या आत बसून मी बघतो आहे की, हात हलवत परत जाणाऱ्यांत सर्वांत जास्त माणसे याच एका कारणाने परत जातात.

गावकर हे आडनाव घ्या. पोर्तुगीज दप्तरात ते 'सी'ने लिहीत. मुक्तीनंतर मास्तरांनी शाळेच्या वहीत 'के' घातला. मग कोणी मध्ये 'ओ' ठेवला, कोणी 'यू', कोणी 'डब्ल्यू'. नाईकाच्या शेवटी पोर्तुगीज लेखनिक 'क्यू' आणि त्यापुढे दोन स्वर लिही. शिरोडकर 'एक्स'ने सुरू होई, कारण पोर्तुगीजात 'एक्स'चा उच्चार श. प्रभूंचा पोरोब झाला, कामतांचा कामोतीं. लेखनिकाला दोष देण्यात अर्थ नाही, कानावर पडले ते तो आपल्या भाषेच्या नियमाने लिहीत होता. पेडणे, सांगे, केपे यांच्या रोमन पाट्यांवर शेवटी जो 'एम' दिसतो तोही असाच, नाकातला अनुस्वार दाखवण्यापुरता. बाहेरून बदलून आलेला साहेब मात्र 'पेर्नेम' म्हणतो, आणि आता आपली मुलेही तसेच म्हणू लागली आहेत. असो.

पाटीचे निभावते, माणसाचे निभावत नाही. जन्मनोंदीत एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यात दुसरे, आधारवर तिसरे, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर बापाचे नाव चौथ्याच पद्धतीने. मग आम्ही सांगतो, प्रतिज्ञापत्र करून आणा, की अमुक ऊर्फ तमुक ऊर्फ ढमुक या तिन्ही नावांची व्यक्ती एकच. स्टॅम्पपेपर, टंकलेखकाचे पैसे, नोटरीचे पैसे, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस बुडाला तो वेगळाच. ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदा गोव्यात २०१३ साली झाला. चांगला कायदा आहे. पण कागद जुळत नाहीत म्हणून अर्जच खिडकीवरून परत गेला, तर ती मुदत कुठून मोजायची?

एकदा भर पावसात एक आजोबा आले. सामाजिक सुरक्षा योजनेच्या पैशांचे काम होते. मी तीन कागद समोर मांडून फरक दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "पुता, हांव एकलो, आनी नांवां तीन?" लहानपणी देवळाच्या चौकातल्या मराठी शाळेत ते चार यत्ता शिकले होते. त्यांचे जुने विक्रीखत, बँकेचे पुस्तक आणि माझ्यासमोर केलेला अर्ज, या तिन्हींवर त्यांची सही देवनागरीत होती. तीच वळणे, तोच शेवटचा रफार. माणूस एकच असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणत्या नोटरीने द्यायचा? नियमात मात्र तो बसत नव्हता. प्रतिज्ञापत्र करायला त्यांना परत जावे लागले.

माझा मुद्दा एवढाच आहे की, हा घोळ रोमन अक्षरांचा आहे आणि त्याचे औषध आपल्या कायद्यात पडून आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी वापरण्याची मुभा मिळाली. दोन्हींची लिपी एक. मराठी मोठी की कोंकणी, यावर आपण इतकी वर्षे भांडलो. दोन्ही बाजूंची भाषणे मी मन लावून ऐकली आहेत, आणि दोन्हींकडचे वक्ते आमच्या कचेरीत इंग्रजीत अर्ज करताना पाहिले आहेत. भांडणात खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्यावर इंग्रजी बसली. गावकर हे नाव मराठीत आणि कोंकणीत वेगळे लिहायचे आहे का? मग प्रत्येक नोंदवहीत आणि दाखल्यावर रोमनशेजारी देवनागरी नावाचा रकाना ठेवा. देवनागरी नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख जुळली, की स्पेलिंगपायी प्रतिज्ञापत्र मागायचे नाही.

आमच्यातले काही म्हणतात, देवनागरीतही नाईक-नायक, गावकर-गांवकर असतेच. असते. पण नाईक आणि नायक यांत कोणाला दोन माणसे दिसत नाहीत. लग्नात सुनेचे पाळण्यातले नावच बदलण्याची आपली चाल आहे, तिला मात्र कोणतीही लिपी पुरी पडणार नाही. तिथे प्रतिज्ञापत्र हवेच. आणि रोमी कोंकणी लिहिणाऱ्या बांधवांचे म्हणणे वेगळे आहे हेही मला ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे रोमन रूप हेच त्यांचे मूळ रूप, त्याला कोणी हात लावू नये. मी रकाना वाढवा म्हणतो आहे, पुसा म्हणत नाही.

हे आता लिहिण्याचे कारण म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. म्हणजे त्या दिवशी जे लिहिले जाईल ते बाळाला आयुष्यभर पुरणार. आईबापांची नावेही त्याच दाखल्यावर येतात.

तेव्हा सरकार रकाना वाढवील तेव्हा वाढवो, घरात बाळ झाले असेल तर एवढे तरी करा. नोंद २१ दिवसांत करायची असते. बाळाचे नाव ठरले नसेल तर ते मागाहून घालता येते, आणि बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही. पण आईबापांची नावे पहिल्याच दिवशी लिहिली जातात. इस्पितळातला फॉर्म भरण्याआधी आईचे आणि बापाचे शाळेचे दाखले, आधार आणि घरातला जुना जन्मदाखला एकत्र काढा, कोणते स्पेलिंग ठेवायचे ते ठरवा, आणि फॉर्म दुसऱ्याला भरायला देऊ नका.