दूरदृष्टीचे पोते

मध्यमवर्गीय माणसाला दूरदृष्टी प्राप्त होते ती संकट दारात आल्यावर. २४ मार्च २०२० च्या रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली, आणि भाषण संपते न संपते तोच आमच्या नांदेडची दूरदृष्टी पिशव्या घेऊन किराणा दुकानापुढे उभी! लातूरच्या आमच्या साडूंनी तर १५ किलो तूरडाळ घरात आणली. लातुरात! समुद्रकाठी राहून मिठाची चिंता करावी, तसे. जूनमध्ये त्या डाळीला कीड लागली. टाळेबंदीत पोटभर जेवले ते किडेच.

साडू म्हणतात, "साठवण ही आपली जुनी रीतच आहे." आहे ना! पण आजीची कणगी सुगीत भरायची, धान्य मुबलक असताना. टंचाईच्या रात्री भरते ती कणगी नव्हे. तो शेजाऱ्याच्या ताटातला घास. सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे काढायला आले तर भलीचांगली बँकही बसते, दुकानाचे तेच. मग रोजच्या मजुरीतून पावशेर डाळ नेणाऱ्याने दूरदृष्टी ठेवायची कशाने?

खरी बेगमी माळ्यावर नसते, सरकारी गोदामात असते. एप्रिल २०२० पासून पात्र रेशनकार्डांवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळाले, ते गोदामे आधीच भरलेली होती म्हणून. पुढच्या साथीची तयारी करायचीच असेल तर गल्लीतले रेशन दुकान वेळेवर उघडते का, ते बघा. पण त्यासाठी पिशवी नव्हे, चपला झिजवाव्या लागतात. आणि तिथेच आमची दूरदृष्टी अंधुक होते.