मोसंबीवर दोन मिनिटं

आयेल्ट्समध्ये कुणी नापास होत नाही. शून्य ते नऊ या पट्टीवर तुमचं इंग्रजी कुठं बसतं, एवढंच ती परीक्षा सांगते. त्यातलं किती पुरेसं, हे ठरवतं समोरचं विद्यापीठ, परिचारिका परिषद किंवा व्हिसा देणारं सरकार. दहावी-बारावीच्या निकालांवर वाढलेल्या आपल्या घरांना हे पटकन उमगत नाही. म्हणून पहिला प्रश्न येतो, पासिंगला किती लागतात? आणि लगेच दुसरा, किती दिवसांत होतं?

पाचोडच्या माझ्या भाचीनं दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. ती नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग करून संभाजीनगरातल्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात ड्युटी करते आणि सुटी मिळाली की बीडकडे जाणारी एसटी पकडून पन्नासेक किलोमीटरवरच्या गावी जाते. तिला इंग्लंडला जायचंय.

मी म्हटलं, आधी कोणती परीक्षा ते ठरव. इंग्लंडची परिचारिका परिषद आयेल्ट्स अकॅडमिक घेते, तशीच ओईटीही घेते. आयेल्ट्समध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ लागतात. लिहिण्यातही पूर्वी ७ लागत. त्यात हजारो परिचारिका अडकल्यावर २०१८च्या डिसेंबरात ती अट ६.५ वर आली. ओईटी ही खास आरोग्यक्षेत्राची परीक्षा. तिथं रुग्णाच्या नोंदी वाचून पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं असतं, रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी बोलून दाखवायचं असतं. रोज रात्री ड्युटी बदलताना हेच करणाऱ्या मुलीनं दुसरीकडे बघूच नये, असं माझं मत. पण तेव्हा आयेल्ट्सची फी अठरा हजारांच्या आसपास होती आणि ओईटीची जवळजवळ दुप्पट. मी ओईटीच्या बाजूनं होतो, ती फीच्या बाजूनं. फी जिंकली.

शहरातल्या एका क्लासनं तिला पहिल्याच आठवड्यात निबंधांची जाडजूड झेरॉक्स दिली. पर्यावरण, तंत्रज्ञान, शहरीकरण, सगळं तयार. पाठ करायचं आणि उतरवायचं. आपल्याकडे गाईडवर परीक्षा निघतात, त्यामुळे यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. माझं मात्र डोकं फिरलं, कारण या परीक्षेत सर्वांत लवकर पकडलं जातं ते पाठांतर. लिहिण्याचे गुण चार बाबींवर सारखे वाटलेले असतात. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्द नेमके आहेत का, आणि व्याकरण. म्हणजे ज्या व्याकरणाच्या धास्तीनं आपण रात्र रात्र काळ बदलत बसतो, त्याचा वाटा एक चतुर्थांश. प्रश्न असतो, शहरात गर्दी वाढली तर सरकारनं गावात नोकऱ्या द्याव्यात का? आणि पाठ केलेला निबंध सांगतो शहरीकरणाचे फायदे-तोटे. पहिल्याच बाबीत गुण गेले, मग उरलेलं इंग्रजी कितीही गुळगुळीत असो.

तिच्या पिढीला इंग्रजी कमी मिळालं असंही नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटलं होतं. तरी दोन्ही पिढ्यांची पद्धत एकच राहिली. गुरुजी धड्यातली एक ओळ वाचणार, तिचा मराठी अर्थ सांगणार, मग पुढची ओळ. त्याच्याही आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकल्या. त्या पाठमालेनं महाराष्ट्राला कारकून, वकील, संपादक दिले, तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. पण या सगळ्यात इंग्रजी आपल्यापर्यंत आलं ते डोळ्यांनी. कानांनी येण्याची वेळच आली नाही.

म्हणून भाचीचा पहिला सराव पेपर आपटला तो ऐकण्यात. फोनवर रडवेली झाली होती. ‘मामा, एकदाच लावतेत हो. एक उत्तर लिहीपर्यंत पुढचे दोन निघून जातेत.’ दुखणं तिनं बरोब्बर सांगितलं होतं. अर्ध्या तासात चाळीस प्रश्न, ध्वनिफीत एकदाच. सुरुवातीला कुणीतरी फोनवर खोली भाड्यानं घेत असतं, नावाचं स्पेलिंग, पत्ता, नंबर सांगत असतं. शेवटी सलग व्याख्यान. इंग्रजी समजूनही गुण जातात, कारण ऐकता ऐकता लिहायची सवय नाही. आणि हुकलेल्या उत्तराचा शोक करत बसलं की पुढची दोनही हातची जातात. सुटलं ते सुटलं, अंदाजानं काहीतरी लिहायचं आणि पुढं सरायचं, चुकीला गुण वजा होत नाहीत. स्पेलिंग चुकलं तर मात्र बरोबर ऐकलेलंही वाया.

कान तयार करायला मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. बीबीसीचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’चे छोटे भाग फुकट मिळतात. लिखित मजकूर न बघता ऐकायचे, आकडे आणि नावं टिपायची, मग मजकुराशी ताडून पाहायचं. एसटीत वाटेतलं आडूळ येईपर्यंत दोन-तीन भाग होतात. दुसरी गोष्ट तिच्या धाकट्या भावाला फार आवडली. क्रिकेटचं समालोचन हिंदीवरून इंग्रजीवर लावायचं. नासिर हुसेन इंग्लंडच्या ढंगात बोलतो, इयान बिशप वेस्ट इंडीजच्या, हर्षा भोगले आपल्या ओळखीच्या. आयेल्ट्सच्या ध्वनिफितीतही असेच वेगवेगळ्या देशांचे उच्चार असतात. घरात टीव्ही बघायला अभ्यासाचं निमित्त मिळालं की त्या घरात अभ्यासाला विरोध राहत नाही.

वाचनात अडचण वेगळी निघाली. तीन लांब उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. ती प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबायची आणि तिसरा उतारा तसाच राहायचा. त्याहून मोठा घोळ एका प्रश्नप्रकाराचा. विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक, की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही? आपल्याकडची हुशार माणसं इथं हमखास पडतात, कारण ती स्वतःचं ज्ञान मध्ये घालतात. समजा उताऱ्यात एवढंच लिहिलंय की पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागा आहेत, आणि विधान आहे की मोसंबीला पाणी फार लागतं. पाचोडचं पोरगं लगेच ‘बरोबर’वर खूण करील. अहो, त्याला माहीत आहे! उताऱ्यानं मात्र ते सांगितलेलं नाही.

वाचनाच्या सरावासाठी मी तिला एक उद्योग दिला, त्याचा मला अजून आनंद आहे. पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांनी उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे, ‘आयएचएमपी’ म्हणतात तिला. संस्थेनं आसपासच्या खेड्यांतल्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग चालवले आणि त्या गावांत मुलींची लग्नं वर्षभर पुढं गेली, असं अभ्यासात दिसलं. हे संशोधन इंग्रजीत छापलं गेलं, परदेशात वाचलं गेलं. पाचोडच्या मुलीनं मात्र ते वाचलं नव्हतं. मी म्हटलं, शब्दकोश बाजूला ठेव, घड्याळ लाव, वीस मिनिटांत यातला मुद्दा शोध. तिनं शोधला. शिवाय अभ्यासाच्या पद्धतीतल्या दोन शंका काढल्या, ज्या मला सुचल्या नव्हत्या. ज्या विषयात आपल्याला गती आहे त्यातलं अवघड इंग्रजी सोपं होत जातं. मग अनोळखी विषयाचा उतारा आला तरी हात-पाय गळत नाहीत. केंब्रिजची जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं त्यानंतर सोडवावीत, घड्याळ लावूनच.

लिहिण्याच्या तासात दोन कामं असतात. आलेख किंवा तक्ता बघून दीडशे शब्द, आणि एका प्रश्नावर अडीचशे शब्दांचा निबंध. निबंधाला दुप्पट वजन, म्हणून चाळीस मिनिटं त्याची. आता बहुतेक ठिकाणी परीक्षा संगणकावर होते आणि इथं आपल्या तालुक्याची एक जुनी शिदोरी कामाला येते. कारकुनीच्या जागांसाठी पोरं-पोरी सरकारी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देतात, भाचीनंही बारावीनंतर दिली होती. नोकरी लागली नाही, पण चारशे शब्द बडवायला तिला पंधरा मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ विचाराला. आलेखासाठी तिला सांगितलं, वडील रोज मोबाइलवर मोसंबीचे भाव बघतात ना? महिन्याभराचे भाव कागदावर काढ आणि इंग्रजीत सांग, कधी चढले, कधी कोसळले, सगळ्यात मोठा फरक कुठं. प्रत्येक आकडा वाचून दाखवायचा नसतो. ठळक गोष्ट आधी सांगायची असते. बापाला भाव सांगताना ती हेच तर करते.

बोलण्याच्या चाचणीत समोर माणूस असतो. अकरा ते चौदा मिनिटं चालते. मधल्या भागात एक कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत एकटीनं बोलायचं. सरावात गर्दीच्या एखाद्या ठिकाणाबद्दल सांगा, असं कार्ड होतं. क्लासच्या झेरॉक्समध्ये त्यावर गोव्याच्या समुद्रकिनाऱ्याचं भाषण तयार होतं. ती गोव्याला कधी गेलेली नाही. तिसाव्या सेकंदाला गाडी अडली.

‘पाचोडच्या मोसंबी बाजारावर बोल,’ मी म्हटलं.

‘ते काय सांगायचं मामा, गोऱ्या माणसाला?’

मग सांगायला लागली आणि थांबेना. पहाटे दावरवाडीकडून, विहामांडव्याकडून येणाऱ्या गाड्या, मोसंबीचे ढीग, आडते, बोली लावताना चढणारे आवाज, दूरच्या बाजारांत जाणारे ट्रक. आंबे बहाराला भाव मिळाला तर घरात काय होतं आणि नाही मिळाला तर काय. २०१२-१३च्या दुष्काळात वडिलांनी टँकरच्या पाण्यावर बाग जगवायचा प्रयत्न केला ते. इंग्रजी खडबडीत होतं, दोन-तीन क्रियापदं घसरली, पण ‘ऑर्चर्ड’, ‘ऑक्शन’, ‘ड्राउट’ हे शब्द जागेवर पडत होते, कारण त्या वस्तू तिच्या ओळखीच्या होत्या. तपासनीस तुमचं ज्ञान तपासत नाही, मत पटलं की नाही हेही नाही. तुम्ही न अडखळता, समजेल असं बोलता का, ते बघतो. मराठी वळणाच्या उच्चाराला गुण जात नाहीत, शब्द कळला नाही तर जातात. यूट्यूब बघून आणलेला अमेरिकन हेल सोडून दे, एवढंच मी तिला बजावलं.

किती दिवसांत, याचं उत्तर मी तिला शेवटी दिलं तेव्हा ती रुसली. हे महिन्यांचं काम आहे, आणि रात्रपाळी करणाऱ्या मुलीला दोन महिने जास्तच. घड्याळ लावून सोडवलेल्या सराव पेपरांत सलग हवे तेवढे गुण दिसेपर्यंत तारीख घेऊ नये. निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे फार आधी देऊन ठेवण्यातही शहाणपण नाही. एकाच कौशल्यात गाडी अडली तर तेवढंच साठ दिवसांच्या आत पुन्हा देता येतं. मात्र ज्यांना निकाल द्यायचाय ते हा प्रकार मानतात का, हे आधी विचारून घ्यावं.

तारीख घ्यायला बसलो तेव्हा वेगळंच निघालं. परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. नर्सिंगच्या गुणपत्रिका आणि इथल्या परिषदेची नोंदणी मात्र वडिलांच्या नावानं. आयेल्ट्सचं प्रमाणपत्र पासपोर्टप्रमाणे येणार आणि पुढं इंग्लंडची परिषद विचारणार, या दोघी एकच का? आता विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि इथल्या परिषदेतली दुरुस्ती, अशी रांग लागली आहे. जावई परवा त्याच कामासाठी रजा काढून संभाजीनगरला आले होते. भाची ड्युटीवर होती.