त्याचं बारावीचं वर्ष आहे!

"त्याला काही सांगू नका हं, त्याचं बारावीचं वर्ष आहे." मराठी मध्यमवर्गीय घरात हल्ली सर्वात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य बहुधा हेच असावं. गंमत म्हणजे हे वर्ष एका वर्षात संपत नाही. ते आठवीतल्या फाउंडेशन कोर्सपासून सुरू होतं, दहावी, अकरावी, बारावी, सीईटी करत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत पोचतं आणि मग "नोकरीत नवीन आहे हो, दमून येतो" या नावाखाली पुढे चालू राहतं. मधे कधीतरी पोरगा अठरा वर्षांचा झालेला असतो. केक कापलेला असतो, बाकी काही बदललेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ही माफी बंद करा. अभ्यासाच्या नावावर घरातल्या प्रत्येक कामातून मुलांना दिलेली ही सूट अभ्यासाचंही भलं करत नाही आणि मुलांचंही. (हे वाचून नात्यातल्या दोघीतिघी रागावणार आहेत. रागावा.)

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्याला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण झाली की तो 'सज्ञान'. काय नेमका शब्द आहे बघा! १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान मुलाने केलेला करार टिकतच नाही. म्हणजे अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याच्या सहीला कायदा भीक घालत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून ती सही त्याला बांधून घालते. भाड्याच्या खोलीचा करार, हप्त्यावरचा मोबाईल, मित्राच्या कर्जाला जामीन, सगळं चालतं. मग या सज्ञानाला आपण सही करण्याआधी कागद वाचायला कधी शिकवलं? आपल्याकडे कागद बाबा वाचतात आणि मुलगा बाबांनी बोट ठेवलं तिथे सही करतो.

आता तो अभ्यास, ज्याच्यासाठी एवढं चाललंय. रसायनशास्त्रात पंच्याण्णव मार्क मिळवलेल्या मुलाला ब्यूटेनचा रेणुभार विचारा. ५८, झोपेत सांगेल. हवेचा सरासरी? साधारण २९. मग घरातला सिलिंडर गळायला लागला तर गॅस वर जाईल की खाली बसेल? इथे तो आईकडे बघतो. अरे, दुप्पट जड आहे ना, मग जमिनीलगत साचणार! म्हणून आधी रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. हे सगळं त्याच्या पुस्तकातल्या एका आकड्यातून निघतं. पण स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला माफी असल्यामुळे तो आकडा ओट्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

चक्रवाढ व्याजाचंही तेच. शाळेत गणितं घोटून घेतलेली असतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी चढते म्हटल्यावर "मग वर्षाला बेचाळीस" असं उत्तर येतं. बेचाळीस नाही राजा, चक्रवाढीने एक्कावन्नच्या वर जातं. पहिल्या पगाराबरोबर कार्ड येतं आणि 'किमान रक्कम भरा' हे शब्द फार प्रेमळ वाटतात. ते गणित घरी कधी मांडून दाखवलंय का? यूपीआयने पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, जो टाकायला सांगतो तो चोर, हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? तरी फसलाच तर बदनामीच्या भीतीने गप्प न बसता लगेच १९३० ला कळवायचं, हे दुसरं वाक्य. दोन वाक्यांनी कुणाचं मेडिकल हुकलेलं मी ऐकलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, वेळ आली की शिकतात आपोआप, आपण नाही का शिकलो? आपण आपोआप शिकलो नाही हो. आपल्याला पाठवलं गेलं. गिरणीत दळण घेऊन, रेशनच्या रांगेत, बँकेत पासबुक भरून आणायला. परीक्षा असली तरी. दळण जाड आलं तर बोलणी खाल्ली आणि पुढच्या वेळी गिरणीवाल्याला आधी सांगायला शिकलो. आता पीठ पिशवीतून येतं, भाजी दहा मिनिटांत दारात येते, म्हणजे ज्या कामांनी आपल्याला न शिकवता शिकवलं ती उरलीच नाहीत. त्यामुळे आता मुद्दाम शिकवावं लागेल. यूट्यूबवर बघून करतीलही, पण गॅसचा वास येत असताना व्हिडिओ शोधायचा का?

शाळेने शिकवावं, असंही काहीजण म्हणतात. शाळेने प्रयत्न करून झालेत. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, आणि त्या कार्यानुभवाचं आपण काय केलं? पुठ्ठ्याचं घर, जे आदल्या रात्री आईने चिकटवलं! पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, शेती करतात, रक्तगट तपासतात, आणि करता करता त्यामागचं विज्ञान शिकतात. आपण ऐकून म्हणतो, "वा, छान काम आहे." आणि मनात म्हणतो, खेड्यातल्या मुलांसाठी ठीक आहे. खरं दुखणं इथे आहे. हाताने काम करायचं ते ज्यांना डोकं नाही त्यांनी, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. 'अभ्यास आहे' हा त्याच्यावर घातलेला सभ्य अंगरखा.

आणि ही माफीही सगळ्यांना सारखी नसते. बारावीतल्या मुलीला पाहुणे आले की चहा टाकायला उठवतात. तिला पोळ्या येतात, पण फ्यूज किंवा एमसीबी कुठे आहे ते दाखवलेलं नसतं आणि बँकेचे व्यवहार "तू कशाला डोकं चालवतेस". मुलाचं तर दोन्हीकडून रिकामं! या रिकामेपणाचं बिल आधी त्याची आई भरते आणि नंतर त्याची बायको. पन्नाशीच्या कितीतरी पुरुषांना आजही घरात एकटं ठेवून बाहेरगावी जाता येत नाही, फ्रीजला चिठ्ठ्या लावून जावं लागतं. त्यांचंही बारावीचं वर्ष अजून चालूच आहे.

असो. आमचा भाचा मे महिन्यात महिनाभर इथे येतोय. सतरा पूर्ण. पहिल्या आठवड्यापासून घरखर्चाचे पैसे त्याच्या हातात राहतील, विजेचं बिल तो वाचेल आणि भरेल, कुकर तो लावेल, आणि मंगळवारी रात्रीचं जेवण त्याचं. भात करपला तर आम्ही करपलेला खाऊ. आणि ताई, तू हे वाचतेयस हे मला माहीत आहे. त्या महिन्यात "जेवला का ग तो?" विचारायला रोज फोन करायचा नाही.