पहाटे अडीचची परीक्षा

नवं एआय मॉडेल आलं की त्याचे गुण जगभर झळकतात, पण अल्बनीत बसून कोड लिहिताना मला त्या गुणांचा फारसा उपयोग झालेला नाही. ऑकलंडच्या उत्तरेकडच्या या उपनगरातून माझं काम पुण्यातल्या सहकाऱ्यांबरोबर चालतं. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय, सगळ्यांना मी एकच काम देतो: रोज पहाटे अडीचला बिलं काढणारा प्रोग्राम लिहा. सोपं वाटतं ना? इथे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचं घड्याळ थेट तीनवर जातं, त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तीनचे पुन्हा दोन होतात आणि अडीच दोनदा वाजतात. सप्टेंबरच्या बदलानंतर भारताशी असलेलं अंतरही साडेसहा तासांचं साडेसात होतं. वर्षभर घड्याळ न हलवणाऱ्या देशात वाढलेल्या आपल्याला ही खोच पटकन सुचत नाही. एका मॉडेलचा कोड दिसायला देखणा होता, पण एप्रिलमध्ये त्याने प्रत्येक ग्राहकाला दोन बिलं पाठवली असती. दुसऱ्याने कोड लिहिण्याआधीच विचारलं, ‘न वाजलेल्या अडीचचं काय करू?’ माझ्या लेखी तेच सरस. अर्थात एकदा विचारून निकाल लावू नये. तोच प्रश्न पुन्हा घातला की उत्तर बदलू शकतं. तुमच्या कामात फसवणारे असे दहा प्रश्न उत्तरांसह आजच लिहून ठेवा आणि नव्या मॉडेलला आधी तेच घाला.